फाटक्या नोटा, फाटके सूर

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढलेल्या माणसाला कागदाची किंमत जरा जास्तच कळते. कागद फाटला की गिऱ्हाइकाचा चेहरा कसा उतरतो, हे मी रोज पाहतो. तरी फाटक्या नोटेला निदान वाली आहे. पन्नास किंवा त्याहून मोठ्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा सलग तुकडा शाबूत असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, आणि त्याच्याही खाली असेल तर राम राम. रिझर्व्ह बँकेने नियमच करून ठेवले आहेत.

स्पीकरच्या कोनाला असा नियम नाही. बोटभर चीर पडली म्हणून ऐंशी टक्के गाणं ऐकू येतं, असं होत नाही. तंबोरा सुरू झाला की खोक्यात भुंगा शिरतो, आणि तबल्याच्या डग्ग्यावर तर कुणीतरी पापड मोडतंय असं वाटतं.

कारण कोन हाही कागदच! ज्या वस्तूतून भीमसेनजींची तान येते, ती कागदाची आहे हे कळल्यावर आमच्या शेजाऱ्यांना मोठा धक्का बसला. त्यांची समजूत, आवाज लोहचुंबकातून येतो. वास्तविक लोहचुंबक हा नुसता मॅनेजर. त्याच्यापुढे तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे व्हॉइस कॉइल, पुढेमागे धावपळ करतं आणि त्याला चिकटलेला कागद हवा ढकलतो. कष्टाचं काम कागदाचं. बँकेत तरी वेगळं काय असतं?

ही धावपळ कागदाच्या नशिबी आली कशी, तेही पाहू. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचं वेटोळं हलवायचं, ही कल्पना जर्मनीच्या सीमेन्सने १८७४ साली पेटंट करून ठेवली. १८९८ साली इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉजने तिच्यावर आणखी एक पेटंट घेतलं. पण ते वेटोळं गाजवलं जेन्सन आणि प्रिडहॅम या कॅलिफोर्नियातल्या जोडीने. १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी सॅनफ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर हजारो लोकांना भाषण ऐकवलं. त्यांच्या यंत्राला कर्णा होता. आपल्या सभांतला भोंगा याच घराण्यातला. त्यात कागदी कोन नसतो, म्हणून तो फाटत नाही. फाटतात ते आपले कान.

कर्ण्याची हकालपट्टी केली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी. १९२५ साली त्यांनी कर्ण्यावाचून बोलणारा कागदी कोन जगापुढे मांडला. ‘रेडिओला १०४’ या नावाने तो बाजारात आला, तेव्हा अँप्लिफायरसकट किंमत २५० डॉलर. त्या सुमाराला फोर्डची सर्वांत स्वस्त मोटार २६० डॉलरला मिळत होती. म्हणजे मोटार घ्यावी की गाणं ऐकावं, असा पेच तिथल्या नवरा-बायकोत नक्की पडला असणार. आज शंभर वर्षं होत आली, तरी स्पीकर मुख्यतः तसाच आहे. लगदा जाळीवर ओतून, पाणी काढून, बिनजोडाचा कोन तयार करतात. हलका, ताठ आणि स्वतःहून फारसा न किणकिणणारा, इतके गुण एका कागदात!

आता फाटण्याचा इतिहास, कारण गंमत तिथेच आहे. १९५१ साली मेम्फिसला आइक टर्नरची मंडळी ‘रॉकेट ८८’ हे गाणं मुद्रित करायला निघाली. वाटेत गिटारचा अँप्लिफायर बिघडला. कोणी म्हणतो गाडीवरून पडला, कोणी म्हणतो पावसात भिजला. सॅम फिलिप्सने फाटक्या स्पीकरमध्ये कागदाचा बोळा कोंबला आणि मुद्रण उरकलं. त्या खरखरीसकट गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. मग १९५८ साली लिंक रे याने शुद्धीवर असताना पेन्सिलीने स्पीकरला भोकं पाडली. त्याच्या ‘रंबल’वर काही रेडिओ केंद्रांनी बंदी घातली. गाण्यात एक शब्द नाही, तरी बंदी! १९६४ साली इंग्लंडात डेव्ह डेव्हिस या सतरा वर्षांच्या पोराने स्पीकरचा कोन चक्क दाढीच्या पात्याने चिरला. ते गाणंही पहिलं आलं. आमच्या लहानपणी कुणी असं केलं असतं, तर पहिला नंबर वडिलांच्या छडीचा लागला असता.

फाडणाऱ्यांची नावं अशी इतिहासात गेली. सांधणाऱ्यांची? लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत एक काका बसतात. वडिलांनी पै-पैशाने घेतलेले आमचे स्पीकर मी त्यांच्याकडे नेले. घरचा ठराव ‘भंगार’ असा एकमताने मंजूर झाला होता. मी सभात्याग करून निघालो होतो.

काकांनी दोन्ही अंगठ्यांनी कोन सारखा दाबून कान लावला. “कॉइल घासत नाही साहेब. माणूस वाचला.”

चिरेवर त्यांनी पातळ टिश्यू कागद ठेवला आणि पाणी घालून सैल केलेला पांढरा गोंद ब्रशने, मोजून, दोन्ही अंगांनी लावला. “गोंद जास्त झाला की कोन जड होतो. जड माणूस नाचेल का?” दुसऱ्या स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा झाला. फोम दहा-वीस वर्षांत दमट हवेने असाच कुजतो. काकांनी नवी कड बसवली. पण आधी कॉइलभोवती कागदाच्या पट्ट्या खोचल्या, म्हणजे कॉइल मधोमध राहते. तिथली फट केसाएवढी. एक केस चुकला की सगळं गाणं घासत चालतं.

“सगळा नवा कोनच का टाकत नाही?” मी विचारलं.

“टाकतो की. पण मग आवाज नव्या कोनाचा. तुमच्या वडिलांनी ऐकला तो नाही.”

मी गप्प बसलो. पावती मागितली, तर म्हणाले, “पावतीपुस्तक नाही साहेब. वाजलं नाही तर परत या.”

वाजलं. ठिगळ दिसतं, ऐकू येत नाही. घरच्यांनी भंगाराचा ठराव मागे घेतला आहे. मात्र इतिवृत्तात तशी नोंद करायला कोणी तयार नाही.