चाकांवरचा काळा थर नेमका कशाचा? ब्रेकची धूळ कशी काढायची आणि डिझेल का नको?

कार धुऊन दोन दिवस होत नाहीत, तोच पुढच्या दोन चाकांवर काळपट थर दिसू लागतो. मागची चाकं मात्र त्या मानाने स्वच्छ असतात. चंद्रपुरात याचा दोष सरळ कोळशावर टाकला जातो. आजूबाजूला कोळसा खाणी आणि शहराला लागून २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र असल्यावर शंका येणं साहजिकच आहे. पण कोळशाची धूळ पुढचं चाक, मागचं चाक असा भेद करत नाही. फक्त पुढची चाकं काळी पडत असतील, तर ती बहुतेक वेळा ब्रेकची धूळ असते.

ही धूळ येते कुठून?

ब्रेक दाबला की पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी धरतात आणि पॅड व डिस्क दोन्ही थोडे थोडे झिजतात. डिस्क सहसा बिडाची असते, त्यामुळे या भुकटीत लोखंडाचे बारीक कण भरपूर असतात. हे गरम कण चाकाला चिकटतात, ओलाव्याने गंजतात आणि चाकाच्या वरच्या पारदर्शक लॅकरमध्ये रुतून बसतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढच्या ब्रेकना जास्त काम पडतं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रमची धूळ बरीचशी आतच राहते.

प्रश्न फक्त चाकाच्या शोभेचा नाही. धूर न सोडणारी इलेक्ट्रिक कारही ब्रेकची धूळ सोडते. म्हणूनच युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकमधून उडणाऱ्या सूक्ष्म कणांवर मर्यादा आली आहे. इलेक्ट्रिक कारसाठी ती किलोमीटरला ३ मिलिग्रॅम आहे, तर बहुतेक पेट्रोल-डिझेल कारसाठी ७.

लाल, पांढरा की नारिंगी?

गडचिरोलीत गोष्ट आणखी वेगळी. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात त्या आलापल्ली-आष्टी रस्त्यावरून गाडी आली की चाकं लाल होतात. ‘लोखंडाची धूळ’ म्हणून अनेकजण महागडा आयर्न रिमूव्हर आणतात. त्याची गरज नसते. खनिजाची भुकटी मातीसारखी वर बसते आणि पाणी व शाम्पूने निघते. लाल रंग गेल्यावरही टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके उरले, तर ते ब्रेकचे रुतलेले, गंजलेले कण असण्याची शक्यता जास्त.

गडचांदूर परिसरातली सिमेंटची धूळ मात्र साठू देऊ नका. ओलावा मिळाला की ती घट्ट बसते. आधी भरपूर पाणी मारायचं आणि मगच हात लावायचा. कोरड्या फडक्याने पुसली तर चरे पडलेच म्हणून समजा.

चाक खरंच स्वच्छ झालं का, हे कळायला एक फुकटची युक्ती आहे. धुतलेल्या चाकावरून हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. खरखर जाणवली, तर कण अजून रुतलेले आहेत.

धुवायचं कसं?

चाक थंड झाल्यावर आणि सावलीतच. चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर मारलेलं रसायन काही क्षणांत वाळतं आणि त्याचेच डाग पडतात. त्यामुळे सकाळची वेळ बरी. आधी पाणी, मग कार शाम्पू आणि मऊ ब्रश. एका वेळी एकच चाक घ्या. ब्रश आणि बादली बॉडीसाठी वापरू नका.

तरीही खरखर असेल तर पीएच-न्यूट्रल आयर्न रिमूव्हर. तो लोखंडाला भेटला की जांभळा होतो. केसांच्या पर्म लोशनमध्ये असते त्याच कुळातलं रसायन यात असल्याने वास उग्र येतो. हातमोजे घाला, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा, वाळण्याआधी धुऊन टाका. बोअरचं पाणी जड असेल तर मायक्रोफायबरने पुसून घ्या, नाहीतर पांढरे ठिपके उरतील. हे पाणी नाल्यात किंवा नदीत जाऊ देऊ नका. ब्रेकच्या धुळीत तांब्यासारखे धातूही असू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अनेक वॉशिंग सेंटरवर चमक यावी म्हणून चाकांवर डिझेल मारतात. ते डिस्क किंवा पॅडवर गेलं, तर ब्रेकची पकड कमी होते. जंगलातल्या रस्त्यावर अचानक रानडुक्कर किंवा चितळ आडवं आलं, तर गाडी थांबायला लागणारं अंतर वाढलेलं असेल. डिझेल मुरलेले पॅड सहसा बदलावेच लागतात. अॅसिडने चाक लगेच उजळतं हे खरं, पण ते लॅकर आणि खालचं अॅल्युमिनियम दोन्ही खातं. कॉम्प्रेसरच्या हवेने ब्रेक झाडणंही नको, कारण ती धूळ थेट नाकात जाते आणि काही स्वस्त पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं.

धुऊन झाल्यावर मोकळ्या जागी हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबा. ओली डिस्क कोरडी होते.

कोटिंगने काय होतं?

धूळ बसायची थांबत नाही, पण ती रुतत नाही आणि नुसत्या पाण्याने बरीचशी निघते. साधं वॅक्स चाकाच्या उष्णतेत फार टिकत नाही. सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग जास्त चालतं. ते पावसाळ्याआधी, पूर्ण स्वच्छ चाकावर लावा, डिस्कवर अजिबात नको. बोलेरोसारख्या गाड्यांच्या लोखंडी रिमना कोटिंगपेक्षा रंग महत्त्वाचा. टवका उडाला की गंज खरवडून टचअप करून घ्या. धूळच कमी हवी असेल, तर पुढच्या वेळी पॅड बदलताना गाडीला चालणारे सिरॅमिक पॅड मिळतात का ते विचारा. सेमी-मेटॅलिक पॅडपेक्षा त्यांची धूळ सहसा कमी आणि फिक्या रंगाची असते.

आणि दोन पुढच्या चाकांपैकी एकच चाक जास्त काळं होत असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर अडकत असू शकतो. थर तेलकट लागला, तर ग्रीस किंवा ब्रेक ऑइल गळत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी चाक आधी धुऊ नका, तसंच मेकॅनिकला दाखवा.