शंभर अक्षरांची जागा

संगणकाच्या पडद्यावर अक्षरें व चित्रें उमटविणारी ‘एक्स’ ही आज्ञावली १९८४ मध्यें अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत जन्मास आली. बावधनच्या शेजारीं, पाषाण येथें केंद्र असलेल्या सी-डॅकनें लिनक्सवर उभारलेल्या ‘बॉस’ प्रणालींतही पडद्याचें काम पुढें तिच्याकडेच आलें.

१९९१ मध्यें तिच्या फाँट, म्हणजे अक्षरवळण, वाचणाऱ्या भागांत एक चूक शिरली. फाँटच्या फाइलींत प्रत्येक अक्षरास नांव असतें. तें उतरून घेण्यास स्मृतींत १०० जागा राखल्या होत्या. परंतु नांव त्याहून लांब तर नाहीं ना, हें कोणी पाहिलेंच नाहीं. पायलीच्या मापांत दोन पायल्या धान्य ओतावें, तसें अधिक झालेलें शेजारच्या स्मृतींत सांडे, आणि पुढें कोठें जावयाचें याचा यंत्राचा पत्ता तेथेंच जवळ असे. कपटी मनुष्यानें फाइल मुद्दाम रचली, तर त्या जागीं स्वतःचा पत्ता लिहिण्याची त्यास संधि. आणि ही आज्ञावली तर कित्येक यंत्रांवर सर्वाधिकारानें चाले!

तिचा मजकूर वाटेल त्यास वाचण्यास खुला होता. तरी २२ वर्षें गेलीं. अखेर चूक हुडकली ती माणसानें नव्हे, तर ‘सीपीपीचेक’ नांवाच्या दुसऱ्या आज्ञावलीनें. जानेवारी २०१४ मध्यें दुरुस्ती झाली. शेवटच्या खुणेसाठीं एक जागा सोडून, वाचण्याच्या आज्ञेंत ९९ एवढा आंकडा घातला गेला.