‘इन्व्हिन्सिबली’ म्हणजे नेमकं काय? अर्थ आणि वापर

‘इन्व्हिन्सिबली’ हे इंग्रजी क्रियाविशेषण. मूळ लॅटिन क्रियापद ‘विंकेरे’, म्हणजे जिंकणे. आधी लागलेला ‘इन’ हा नकार. त्यावरून ‘इन्व्हिन्सिबल’ म्हणजे अजिंक्य, आणि पुढे ‘ली’ आलं की ‘जिंकता येणार नाही अशा रीतीने’. उच्चारात जोर ‘व्हिन’वर.

सरळ भाषांतर ‘अजिंक्यपणे’ असं होतं आणि घोळ तिथेच होतो. इंग्रजीत हा शब्द रणांगणाइतकाच स्वभाववर्णनातही येतो, विशेषणाच्या अगोदर. ‘इन्व्हिन्सिबली शाय’चं ‘अजिंक्यपणे लाजरा’ केलं तर वाचणारा हसेल. अशा जागी मराठीत ‘काही केल्या’ हे दोन साधे शब्द काम भागवतात: काही केल्या भीड न चेपणारा. ‘इन्व्हिन्सिबली चीअरफुल’ म्हणजे काही केल्या उत्साह न मावळणारा. शब्द नेहमी कौतुकाचाच असतो असंही नाही. ‘इन्व्हिन्सिबली स्टुपिड’ म्हणजे ज्याच्यापुढे शिकवणाऱ्यानेच हात टेकावेत असा! कॅथलिक धर्मशास्त्रात तर ‘इन्व्हिन्सिबली इग्नरंट’ला खास अर्थ आहे: ज्याला सत्य कळणं शक्यच नव्हतं, म्हणून ज्याच्या अज्ञानाचा दोष त्याच्या माथी येत नाही.

न हरणं आणि हरवता न येणं यात फरक आहे, पण बोलीत तो पाळला जात नाही. ब्रॅडमनच्या १९४८ च्या ऑस्ट्रेलियन संघाला ‘इन्व्हिन्सिबल्स’ म्हणतात. इंग्लंड दौऱ्यात ३४ सामने, २५ विजय, ९ अनिर्णित, पराभव एकही नाही. उलट ‘अजिंक्य’ म्हणून ओळखलं जाणारं स्पेनचं आरमार १५८८ मध्ये धुळीला मिळालं. आपल्याकडे साताऱ्याचा अजिंक्यताराही मोगलांनी आणि पुढे इंग्रजांनी घेतलाच.

याच्या शेजारचा शब्द ‘इन्डॉमिटेब्ली’. याचं मूळ जिंकण्यात नाही, माणसाळवण्यात आहे. गंमत म्हणजे लॅटिन ‘डोमारे’ आणि संस्कृत ‘दम्’ ही एकाच कुळातली, त्यामुळे ‘अदम्य’ हा त्याचा नात्यातलाच मराठी शब्द. परीक्षेत दोन्ही पर्याय समोर आले तर वाक्यातला माणूस हरलाय का, एवढं बघावं. सामना हरलेला पैलवान ‘इन्डॉमिटेब्ली’ झुंजला असं म्हणता येतं. ‘इन्व्हिन्सिबली’ झुंजला असं नाही.