दोन उतारांचा मतदारसंघ

लोकप्रतिनिधींचीं चरित्रें आपल्याकडे बहुधा दोनच प्रकारांनीं लिहिलीं जातात. एक षष्ट्यब्दिपूर्तीचा गौरवग्रंथ आणि दुसरें निवडणुकीच्या आदल्या आठवड्यांत वांटलें जाणारें पत्रक. पहिल्यांत नायकाला दोष नसतो, दुसऱ्यांत त्याला गुण नसतो. आणि ज्या गांवांसाठीं तो झिजला किंवा झिजला नाहीं, तीं गांवें दोहोंतूनही गळालेलीं असतात. दिल्ली-मुंबईच्या राजकारणाला इतिहासकार मिळतात, तालुक्याच्या राजकारणाला केवळ भाट किंवा निंदक मिळतात. सुरगाणा तालुक्याविषयीं लिहावें असें आम्हांस वाटलें तें याच कारणासाठीं. ज्या पक्षाला महाराष्ट्र विधानसभेंत कित्येकदां हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही जागा मिळाल्या नाहींत, त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या एका आदिवासी कार्यकर्त्यास, जिवा पांडू गावित यांस, या भागानें १९७८ पासून सात वेळां विधानसभेंत पाठविलें. हें कसें घडलें, आणि जेथें तें थांबलें तेथें कां थांबलें, एवढाच आमच्यापुढें प्रश्न आहे.

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यांत सह्याद्रीची धार ओलांडली कीं सुरगाणा लागतो. उत्तरेस डांग, पश्चिमेस धरमपूर, दक्षिणेस पेठ आणि पूर्वेस कळवण. १९४८ पर्यंत येथें एक लहानसें संस्थान होतें. क्षेत्रफळ सुमारें ३६० चौरस मैल आणि १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणें वस्ती साडेअकरा हजारांच्या आंतबाहेर. कोकणा, वारली, महादेव कोळी हे येथले रहिवासी. नागली, वरई, भात, खुरासणी हीं त्यांचीं पिकें. नार, पार, अंबिका या नद्या येथें उगम पावतात आणि पश्चिमेकडे, गुजरातच्या किनाऱ्याकडे, धांवत जातात. आषाढांत डोंगर विरघळतो कीं काय अशी शंका यावी इतका पाऊस, आणि चैत्रांत त्याच डोंगरावर बायकांच्या डोक्यावर हंडे. पाणी पडतें, पण राहत नाहीं. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढें राजकारणही याच उताराच्या बाजूनें वाहणार आहे.

सुरगाण्याचा खरा इतिहास राजवाड्याचा नसून वनजमिनीचा आहे. इंग्रजी अमदानींत, १८७८ व पुढें १९२७ च्या कायद्यांनीं, जंगल सरकारचें झालें आणि जंगलांत नागली पेरणारा मनुष्य एका लेखणीच्या फटकाऱ्यानें अतिक्रमणदार ठरला. स्वातंत्र्यानंतरही त्याचें नांव बदललें नाहीं. कोणाकडे एकसाली प्लॉट, म्हणजे दरसाल नव्यानें मेहेरबानी करून मिळणारी जमीन. कोणाकडे तेंही नाहीं, नुसता कब्जा आणि वनखात्याच्या दंडाची पावती. आजा जी जमीन कसत होता तीच नातू कसतो, परंतु सातबाऱ्यावर दोघेही नाहींत. सरकारनें या कब्जांकडे पाहिलेंच नाहीं असेंही नव्हे. १९७८ च्या डिसेंबरांत महाराष्ट्र शासनानें, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतचीं वनजमिनींवरील अतिक्रमणें नियमित करण्याचा निर्णय घेतला. पण निर्णय मुंबईंत होतो आणि पंचनामा डोंगरावर व्हावयाचा असतो. या दोहोंमधील अंतर चालून जाणारा कोणी तरी लागतो.

हें अंतर चालण्याची रीत शेजारच्या ठाणें जिल्ह्यांत आधींच पडलेली होती. १९४५ च्या जानेवारींत टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेचें पहिलें अधिवेशन झालें. त्याच वर्षीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठबिगारीविरुद्ध मान वर केली आणि ऑक्टोबरांत तलवाड्यास पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या. ती चळवळ पुढें डोंगराडोंगरानें नाशिककडे सरकली. नाना मालुसरे यांच्यासारखे किसान सभेचे कार्यकर्ते या भागांत राबले. गावित हे त्या परंपरेंतील दुसऱ्या पिढीचे, परंतु एका बाबतींत पहिल्या पिढीहून निराळे. परुळेकर पतिपत्नी शहरांतून, मोठ्या त्यागानें, आदिवासींकडे आलीं. गावित हे अलंगुणचे, त्याच मातींतले. त्यांना कोणाकडे यावें लागलें नाहीं. हा फरक लहान नाहीं. बाहेरून आलेल्या पुढाऱ्याला लोक मान देतात; घरच्या पुढाऱ्याला ते कामाला लावतात.

हें काम म्हणजे काय? राजकीय पक्षांचा प्रचार हा निवडणुकीपूर्वीं महिनाभर भोंगा लावून करावयाचा आणि लोकसेवा ही मधल्या पांच वर्षांत, सवड झाल्यास, करावयाची, अशी आपल्याकडची सर्वसाधारण वांटणी आहे. सुरगाण्यांत ही वांटणी टिकली नाहीं. रोजगार हमीचें काम मागणें, रेशनचें धान्य मागणें, वनप्लॉटाचा अर्ज भरणें आणि तो अर्ज कचेरींत दडपला गेला तर तहसीलवर मोर्चा नेणें, हाच प्रचार आणि हीच सेवा. ज्याच्या हातांत दंडाची पावती आहे त्यास पक्षाचा जाहीरनामा वाचून दाखवावा लागत नाहीं. त्याची पावती हाच जाहीरनामा. लाल बावट्याचें तत्त्वज्ञान किती जणांस उमगलें होतें, हा प्रश्न आम्हीही स्वतःस विचारला आहे. फार थोड्यांस, असें आम्हांस वाटतें. परंतु काँग्रेसचें तत्त्वज्ञान समजून काँग्रेसला मत देणारे तरी कितीसे होते?

येथें आम्हांस स्कॉटलंडची आठवण होते. त्या देशाच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत जमीनदारांनीं मेंढ्यांच्या कुरणांसाठीं पिढीजात कुळांस उठवून लावलें. १८८२ मध्यें स्काय बेटावर ब्रेज येथें चराईच्या हक्कावरून कुळें आणि ग्लासगोहून आणलेले पोलीस यांची झटापट झाली. पुढच्याच वर्षीं नेपियर आयोग नेमला गेला. १८८४ च्या कायद्यानें मताचा अधिकार खालच्या थरांत उतरला. १८८५ च्या निवडणुकींत त्या लहान शेतकऱ्यांनीं, ज्यांस तिकडे क्रॉफ्टर म्हणतात, आपले प्रतिनिधी पार्लमेंटांत धाडले. आणि १८८६ सालीं कुळांस कायमचा कब्जा व वाजवी खंड देणारा कायदा झाला. झटापटीपासून कायद्यापर्यंत चार वर्षें! मेंढ्यांखालीं गेलेली जुनी जमीन त्या कायद्यानेंही बहुतेकांस परत दिली नाहीं, हें खरें. तरी पण आपल्याकडचा हिशेब पाहावा. तलवाड्याच्या गोळीबारापासून वनहक्क कायद्यापर्यंत एकसष्ट वर्षें लोटलीं.

तो कायदा २००६ च्या डिसेंबरांत संमत झाला. मधल्या काळांत, २००२ च्या मे महिन्यांत, केंद्राच्या वनखात्यानें अतिक्रमणें हटविण्याचा आदेश काढला होता, आणि त्यामुळें देशभर जी खळबळ उडाली तीही या कायद्याच्या मुळाशीं आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जो आदिवासी वनजमीन कसतो त्यास, चार हेक्टरांच्या मर्यादेंत, प्रत्यक्ष कब्जाइतक्या जमिनीचा हक्क मिळावा. दावा ग्रामसभेंत मांडला जावा. तेथून तो उपविभागीय व जिल्हा समितीकडे जावा, अशी त्याची रचना आहे. पुराव्यांत वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो आणि सरकारी कागदही चालतात. सरकारी कागदांत दंडाची पावतीही आलीच! जी पावती आजाला चोर ठरविण्यासाठीं फाडली गेली तीच नातवाला मालक ठरविण्यास उपयोगी पडली. ज्यांनीं पावत्या डब्यांत जपून ठेवल्या ते तरले. ज्यांच्या झोंपडीसह त्या पावसांत गेल्या त्यांस वडीलधाऱ्यांचे जबाब शोधावे लागले. दावे मंजूर झाले तेही पुष्कळदां अर्धेमुर्धे: कब्जा एकरांचा आणि प्रमाणपत्र गुंठ्यांचें. म्हणजे अपीलें, पुन्हा मोजणी, पुन्हा मोर्चा.

याच सुमारास आणखी एक कागद फिरला, आणि त्याकडे मात्र मोर्चेकऱ्यांचें फारसें लक्ष गेलें नसावें. तो होता मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा. २००८ मध्यें सुरगाणा हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ नाहींसा झाला आणि तालुका कळवणला जोडला गेला. नकाशावर हें साधें दिसतें. प्रत्यक्षांत मात्र पाणलोटाची रेघ मतदारसंघाच्या मधोमध आली. कळवण हा पूर्वेकडच्या उताराचा तालुका. गिरणेच्या खोऱ्याचा, चणकापूर आणि पुनंद धरणांचा, कांद्याचा. तेथेंही आदिवासी आहेत, जागा तेथेंही राखीवच होती, पण तेथल्या राजकारणाचा आधार वनप्लॉट नसून पाट होता. अर्जुन तुळशीराम पवार यांनीं धरणें व बंधारे यांवर आपलें वजन उभें केलें होतें. सुरगाण्याचा पुढारी जमिनीचा कागद आणणारा, कळवणचा पुढारी पाणी आणणारा. दोघेही आपापल्या उताराचे खरे प्रतिनिधी. २००९ सालीं पवार जिंकले. २०१४ सालीं गावित. २८८ जागांच्या विधानसभेंत त्या वर्षीं पक्षाला मिळालेली ही एकमेव जागा; ज्येष्ठत्वामुळें हंगामी अध्यक्षपदही गावितांकडे आलें.

त्यांत नदीजोडची भर पडली. नार-पारचें पश्चिमेस जाणारें पाणी उपसून डोंगरापलीकडे गिरणेच्या खोऱ्यांत टाकावयाचें, ही योजना पूर्व उताराला वरदान वाटते आणि पश्चिम उताराला बुडिताची धास्ती. एकाच आमदारानें दोन्ही उतारांची बाजू कशी मांडावी?

२०१८ च्या मार्चमधील पदयात्रा वाचकांच्या स्मरणांत असेलच. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकांतून किसान सभेचा मोर्चा निघाला. सुमारें १८० किलोमीटर चालून ११ तारखेस तो मुंबईंत सोमय्या मैदानावर पोंचला. आणि दुसऱ्या दिवशीं दहावीचा पेपर असल्यामुळें मुलांची अडचण होऊं नये म्हणून हजारों माणसें, पायांचीं सालें निघालेलीं असतां, रातोरात चालत आझाद मैदानावर गेलीं. मुंबईकरानें मध्यरात्रीं त्यांस पाणी व बिस्किटें दिलीं, वर्तमानपत्रांनीं प्रशंसा केली, सरकारनें लेखी आश्वासन दिलें. मोर्चांत सुरगाण्याचा भरणा मोठा होता आणि गावित आघाडीवर होते. मागण्यांत वनजमीन होती, कर्जमाफी होती, आणि नदीजोडांत आदिवासींचीं गांवें बुडूं नयेत ही मागणीही होती. त्यानंतर दीड वर्षानें, २०१९ च्या ऑक्टोबरांत, गावित निवडणूक हरले. जिंकले ते अर्जुन पवारांचे चिरंजीव नितीन पवार.

शहरांतील पुष्कळ सहानुभूतिदारांस हें कोडें वाटलें. आम्हांस तें वाटत नाहीं. ज्या मोर्चानें मुंबई हलली तो पश्चिम उतारावरून निघाला होता. मतपेटी दोन्ही उतारांची होती. शिवाय पक्षाचें बळ तालुक्याबाहेर किती तोकडें होतें हें २०१७ च्या जिल्हा परिषदेच्या निकालांतच दिसलें होतें: ७३ सदस्यांत या पक्षाचे तीन.

टीकेसही जागा आहे, आणि ती गौरवग्रंथांत येत नाहीं म्हणून येथें सांगतों. जमिनीच्या कागदाभोंवतीं उभें राहिलेलें राजकारण रस्ता, नळ आणि दवाखाना यांच्याकडे तितक्याच नेटानें वळलें काय? २०२२ च्या अखेरीस सीमेवरील कांहीं गांवांनीं, सोयी मिळत नसतील तर आम्हांस गुजरातेस जोडा, अशी मागणी केली. सापुताऱ्याचा झगमगाट त्यांना डोंगरावरून रोज दिसतो. हा राग मुख्यतः सरकारवर होता हें खरें, पण चार दशकें ज्याचा येथें दबदबा होता त्या पक्षास यांतून अलगद सुटतां येणार नाहीं. त्याच वर्षाच्या मार्चांत जिल्हा परिषदेची मुदत संपून कारभार प्रशासकाच्या हातीं गेला होता व पुढें कांहीं वर्षें तो तेथेंच राहिला. तेव्हां रस्त्याची तक्रार घेऊन जावयाचें तर ज्याला मत दिलें असा सदस्यच गटांत उरला नव्हता.

२०२३ च्या मार्चमध्यें पुन्हा एक मोर्चा निघाला, या वेळीं दिंडोरीहून. पुढारी तेच, बावटा तोच. परंतु मागण्यांच्या यादींत चार हेक्टरपर्यंतची वनजमीन कसणाऱ्याच्या नांवें सातबाऱ्यावर लावा या जुन्या मागणीबरोबर कांद्याला क्विंटलमागें सहाशें रुपये अनुदान द्या, ही मागणी होती. कांदा हें सुरगाण्याचें पीक नव्हे. तें पूर्व उताराचें. पंधरा वर्षांपूर्वीं नकाशांत जोडलेले दोन उतार मोर्चाच्या यादींत प्रथमच इतके जवळ आले होते. मोर्चा मुंबईच्या अलीकडे, वासिंदजवळ, थांबला. तेथें एक मोर्चेकरी मरण पावला. सरकारनें कांद्याला साडेतीनशें रुपये जाहीर केले आणि वनजमिनीसाठीं समिती नेमली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकींत महाविकास आघाडीच्या पाठिंब्यासह गावित पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा नितीन पवारांकडून हरले. साडेतीनशें रुपये कळवणच्या बाजूस गेले. सुरगाण्याच्या वांट्याला समिती आली.