फरीदी, विनोद आणि मिरचीचा सातरा

फेब्रुवारी-मार्चमध्ये भिवापुरात कुणी पाहुणा आला की डोळ्यांआधी त्याच्या नाकाला गाव कळतं. सातऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते आणि कडेला बायका तोंडाला ओढणी, पदर, जे असेल ते बांधून देठ खुडत बसलेल्या असतात. मागच्या हंगामात एका विद्यार्थिनीच्या घरी निरोप द्यायचा होता. आई सातऱ्यावर आहे असं कळलं म्हणून तिकडे गेलो. एका उपड्या डब्यावर मोबाइल ठेवलेला, त्यातून एक बाई मराठीत खुनाची गोष्ट सांगत होती आणि पंधरा-वीस जणी गप्प बसून ऐकत होत्या. सातऱ्यावर बायका गप्प, हे दृश्य मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी निरोप सांगायला तोंड उघडलं तर विद्यार्थिनीच्या आईनं हात वर केला.

"थांबा जी सर, तो दार उघडून राहिला."

नेमका त्याच क्षणी कुणाला तरी ठसका लागला. एकीला लागला की सातऱ्यावर सगळ्यांना लागतो. खोकणं थांबेपर्यंत दार उघडून झालं होतं, आत कोण होतं ते कुणालाच कळलं नाही. "मागं घ्या, मागं घ्या" असा गलका झाला. पण घेणार कोण? सगळ्यांची बोटं मिरचीनं माखलेली. त्या गर्दीत स्वच्छ हाताचा माणूस मी एकटाच होतो. मी गोष्ट एक मिनिट मागे नेली आणि मग आपोआपच त्या मोबाइलजवळ बसलो. निरोप पाऊण तासानं दिला.

ऑडिओबुक म्हणजे मोटारीतून ऑफिसला जाणाऱ्यांची चैन, अशी माझी समजूत होती. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी 2017 च्या नोव्हेंबरात भारतात आली तेव्हा पहिल्या भाषांत मराठी होती, याचा मला अभिमान वाटला होता, पण ते पुण्या-मुंबईचं काम म्हणून मी सोडून दिलं होतं. सातऱ्यावरून परतताना मात्र वाटलं की आपण ही गोष्ट उलटी धरली होती. गूढकथा आपल्या घरांत आली तीच मुळी कानांतून, आणि हात कामात गुंतलेल्या, अक्षर न येणाऱ्या माणसांचाही तिच्यावर तितकाच हक्क होता.

लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं 1883 पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा' छापायला घेतली. आधी मुहंमद हुसेन जाह आणि पुढे अहमद हुसेन कमर यांनी ती लिहिली. अमीर हम्झाच्या दास्तानींचे त्या छापखान्यानं एकूण 46 खंड काढले. पण छापण्याआधी हे सगळं तोंडी होतं. दास्तानगो बोलायचा आणि लोक ऐकायचे. त्यातला अमर अय्यार पाहा: वेष बदलतो, शत्रूच्या गोटात शिरतो, बेशुद्ध करायची पूड बाळगतो, झोळीतून वाटेल ते काढतो. त्याच्या डोक्यावर हॅट चढवली की झाला गुप्तहेर. दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली 1928 मध्ये वारले. त्याच वर्षी अलाहाबादजवळच्या नारा गावात असरार अहमद नावाचा मुलगा जन्मला. हा मुलगा लहानपणी होशरुबा वाचत वाढला आणि पुढे इब्ने सफी झाला. योगायोगच, पण वर्गात सांगितला की मुलं लक्षात ठेवतात.

मराठीतही फार वेगळं घडलं नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची. तिच्यात कारस्थानं आणि संकटं भरपूर आहेत. पुढे गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्या मराठी मातीत आणल्या, तर तिकडे तीरथराम फिरोजपुरींनी त्याच रेनॉल्ड्सला उर्दूत आणलं. एकाच विहिरीवर दोन भाषांचे दोर! मग बाबूराव अर्नाळकर आले. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू अशी माणसं घेऊन त्यांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली. पहिली उर्दू जासूसी कादंबरी म्हणून ज्या 'नीली छतरी'चं नाव घेतात तिचा लेखक जफर उमर हा स्वतः पोलीस खात्यातला होता. अर्नाळकर आणि इब्ने सफी या दोघांनाही साहित्याच्या मोठ्या दरवाजातून बराच काळ कुणी आत घेतलं नाही. आमच्या बी.एड.च्या काळात 'अवांतर वाचन' म्हणून जी यादी मिळायची तिच्यातही दोघांचा पत्ता नव्हता. वाचनाची सवय ज्यांनी लावली त्यांनाच वाचनाच्या यादीतून वगळायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या घरी अब्बांकडे इब्ने सफींचे अंक होते. 'जासूसी दुनिया' 1952 च्या मार्चमध्ये अलाहाबादेत सुरू झाली, पहिली कादंबरी 'दिलेर मुजरिम'. त्याच वर्षी इब्ने सफी कराचीला गेले, पण अलाहाबादेतून अंक निघतच राहिले. तोवर देशाची फाळणी होऊन गेली होती, फरीदी-हमीदची जोडी मात्र दोन्हीकडे राहिली. दादीला अक्षर येत नव्हतं, शिवाय मोतीबिंदू झालेला. रात्री जेवणं झाली की अब्बा कंदिलाशी अंक धरून मोठ्यानं वाचायचे. दादी सुपारी कातरत ऐकायची आणि मध्येच अडकित्ता थांबवून म्हणायची, "ठहर. ये आदमी पहले कब आया था?" अब्बांना मागची पानं उलटून दाखला द्यावा लागे. तो सापडला नाही तर दादी लेखकालाच दोष द्यायची, चुकी निकाली.

शेजारी एक गुरुजी राहायचे, तेही असेच अंक वाचायचे, हिंदीतून. त्यांच्या हिरोचं नाव कर्नल विनोद. अब्बांचा फरीदी जास्त हुशार की गुरुजींचा विनोद, यावर ओट्यावर कितीतरी संध्याकाळी वाद झाले. एकदा गुरुजी एक प्रकरण सांगू लागले आणि अब्बांनी शेवट आधीच सांगून टाकला. तेव्हा उलगडा झाला, दोघे एकच पुस्तक वाचत होते! देवनागरीत येताना अहमद कमाल फरीदीचा विनोद केला होता, इमरानचा राजेश. गंमत अशी की मदतनीस हमीद मात्र हमीदच राहिला. गुरुजी खूप हसले. अब्बाही हसले, पण घरात आल्यावर म्हणाले, "नौकरी में हमीद चलता है उनको, अफसर विनोद होना." त्या वेळी मला ते चिडकं बोलणं वाटलं होतं. खपासाठी प्रकाशकानं केलेला तो व्यवहार असेल. आज मी अब्बांच्या वयाकडे चाललोय आणि ते वाक्य काही विसरता येत नाही.

जगातही ऐकण्याचा हा रिवाज जुनाच. हवानाच्या सिगार कारखान्यांत 1865 मध्ये एक प्रथा सुरू झाली. कामगार पानं वळत बसायचे आणि एक वाचक उंच बैठकीवरून त्यांना पुस्तक वाचून दाखवायचा. त्याचा पगार मालक नाही, कामगार आपसांत वर्गणी काढून द्यायचे. ड्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' त्यांची इतकी लाडकी की मॉन्टेक्रिस्टो हे सिगारचंच नाव झालं. सरकारला या वाचनाची भीती वाटली आणि वर्षभरातच बंदी आली. पुढे ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी 1935 मध्ये बोलती पुस्तकं निघाली, तबकड्यांवर. पहिल्या दोन पुस्तकांत एक अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' होती. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना कळेल की कानाला ती किती वेगळी लागेल. बाकीच्यांचा शेवट मी बिघडवत नाही.

सातऱ्यावरच्या त्या दिवसानंतर मीही हेडफोन लावायला लागलो. शाळेतून येता-जाता, कधी रात्री. ऐकणारा म्हणून माझी मतं कच्ची आहेत, पण आहेत. नारायण धारप रात्री ऐकू नयेत. त्यांची भीती सावकाश येते आणि कानाला पान मिटून ठेवता येत नाही. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास ऐकायला उत्तम, कारण कोर्टात माणसं बोलतातच. अर्नाळकरांसारख्या धावत्या कथेला वाचणारा संथ लागतो, नाहीतर कोण कुणाच्या मागे धावतोय हेच समजत नाही. माझी मुलगी सगळं दीडपट वेगानं ऐकते. मला ते दास्तानगोला धक्के मारून पळवल्यासारखं वाटतं. आणि नव्या पुस्तकांत खुनाच्या आधी जे संगीत वाजतं ते कृपा करून बंद करा. दादीला अडकित्ता थांबवायला संगीत लागत नसे.

गूढकथेचा खरा प्रश्न मात्र मागे जाण्याचा आहे. छापील पुस्तकात विसाव्या पानावरचा धागा तपासायला बोट घालून ठेवता येतं. मोबाइलला "ठहर" म्हणता येत नाही, निदान मिरचीच्या हातांनी तरी नाही. जुने दास्तानगो आठवण करून देत देत पुढे जायचे. आजची कादंबरी डोळ्यांसाठी लिहिलेली असते आणि तशीच्या तशी कानात ओतली जाते.

आणखी एक खटकलं. अलीकडच्या एका पुस्तकात वाचणाऱ्याचा आवाज छान होता, सगळी पात्रं साध्या मराठीत. मुसलमान पात्र आलं आणि त्याच गळ्यातून एकदम सिनेमातला गुंड निघाला, "अपुन को नई मालूम साब." लेखकानं ते वाक्य तसं लिहिलंही असेल. पण त्यानंतर पात्र जेव्हा जेव्हा बोललं तेव्हा कान सांगत राहिला की हाच खुनी. तो खुनी नव्हता. छापील शब्दाला सूर नसतो, ही केवढी सोय होती हे तेव्हा कळलं. आमच्याकडचे खालिद आणि जफर वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतात, "कायले", "मले" म्हणतात. जाता जाता शिक्षकाची खोड: मराठीच्या 'ज'ला दोन उच्चार आहेत, जहाजातला 'ज' उर्दूच्या 'ज़'ला बराच जवळचा. नाव नीट घ्यायला जीभ तयार आहे, घ्यायचं मनावर आहे.

आणि माझ्या घरचं? मुलगी फरीदी ऐकते, यूट्यूबवर कुणीकुणी वाचून टाकलेला. आवडीनं ऐकते. अब्बांचे अंक मात्र कपाटात तसेच आहेत, कारण तिला नस्तालिक अडखळत वाचता येतं आणि ऐकायला मिळत असताना अडखळायचं कशाला? उर्दूच्या शिक्षकाची मुलगी! कानानं गोष्ट वाचवली आणि लिपी सोडवली, असं हे दोन्ही एकदम चाललंय. मला यावर उपाय माहीत नाही. रोज एक पान तिच्याकडून वाचून घेतो, ती घड्याळ बघते.

एप्रिलमध्ये पुन्हा सातऱ्यावर गेलो. गोष्ट अर्धीच राहिली होती, ज्या मुलाचा मोबाइल होता तो पुण्याला कामाला गेला. विद्यार्थिनीच्या आईनं विचारलं, "सर, तुमच्याकडे नाही का जी एखादी? खुनाची?" दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अब्बांचा एक अंक घेऊन गेलो आणि उपड्या डब्यावर बसून वाचायला लागलो, उर्दूवरून थेट मराठीत करत. दोनदा ठसका लागला, दोनदा मागे गेलो. एका म्हातारीनं विचारलं, हा साहेब कोण, त्याचं नाव काय म्हणालात? तिच्या कपाळावर कुंकू होतं, शेजारची बुरख्यात. मी नाव पुन्हा सांगितलं. कर्नल फरीदी.

"बरं," ती म्हणाली, "मंग त्या फरीदीनं दार उघडलं का नाही?"