इराण्याचे हॉटेल : एका खुर्चीचा इतिहास

मुंबईतले किंवा पुण्यातले एखादे जुने इराणी हॉटेल बंद झाले की वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त करणारे लेख येतात. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांतली बिस्किटे, गल्ल्यावर बसलेले वृद्ध मालक, ब्रुन-मस्का आणि चहा यांची वर्णने त्यांत असतात. आता त्या जागी कोणत्या तरी साखळी उपाहारगृहाची शाखा निघणार आणि शहराची ओळख पुसली जाणार, असा बहुधा शेवट असतो. ही हळहळ खोटी नाही; ती आम्हांलाही वाटते. पण हळहळीचा उपयोग इतिहासाचा पुरावा म्हणून करायचा झाला, तर तो इतर पुराव्यांसारखाच तपासून घ्यावा लागतो. आपण नेमके काय गमावतो आहोत? ते आले कोठून? आणि इतकी वर्षे ते कशाच्या बळावर टिकले?

एके काळची नवलाई

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून अनेक झरतुष्ट्री कुटुंबे मुंबईत येऊ लागली. गरिबी आणि अल्पसंख्य म्हणून होणारा जाच ही त्यामागची प्रमुख कारणे होती. शेकडो वर्षांपूर्वी येऊन गुजरातेत स्थिरावलेल्या पारशांहून ही मंडळी वेगळी; बोलीने आणि धंद्यानेही. काही इराणी मुसलमानही याच धंद्यात उतरले. धोबी तलावाचे 'कयानी' १९०४ चे, ग्रँट रोडचे 'मेरवान' १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील 'ब्रिटानिया' १९२३ चे आणि पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरचे 'गुडलक' १९३५ चे. म्हणजे आज आपल्याला पूर्वापार वाटणारे हे हॉटेल आपल्या पणजोबांच्या दृष्टीने एक नवी टूमच होती.

तेथे मिळणारे पदार्थही फार जुने नव्हते. आसामात चहा पिकत होता, पण तो बहुतांशी इंग्लंडला जाई. १९०३ मध्ये सरकारने चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून पुढे हिंदुस्थानातच चहाचा प्रचार सुरू झाला. तेव्हा इराण्याचा चहा लोकप्रिय झाला तो चहाचीच सवय देशाला लागत होती त्या काळात. पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि गोव्याच्या भटारखानेवाल्यांनी तो मुंबईत रुजवला. राहिली खुर्ची. तिची हकिगत तर वर्गात सांगण्यासारखी आहे.

गोल पाठीची ती हलकी खुर्ची ज्या घडणीची आहे, ती घडण मिखाएल थोनेट या कारागिराची. त्याने घन लाकूड वाफेवर मऊ करून वाकवण्याची रीत बसवली. लाकडाचे तंतू दाबले तर बऱ्यापैकी आकसतात, पण ताणले तर तुटतात. म्हणून थोनेटने लाकडाच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट बांधली. वाकवताना पट्टी बाहेरची बाजू ताणू देत नाही, त्यामुळे सगळा भार आतल्या बाजूच्या आकसण्यावर जातो आणि दांडा न फुटता वाकतो. १८५९ मध्ये बाजारात आलेली त्याची १४ क्रमांकाची खुर्ची केवळ सहा लाकडी तुकड्यांची होती. तुकडे सुटे केले की एक घनमीटर मापाच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. १९३० पर्यंत या एका नमुन्याच्या सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. इराणी हॉटेलच्या 'खास' वातावरणाचा मुख्य घटक हा असा जगभर सारख्याच साच्यातून निघालेला कारखानी माल होता.

कोपऱ्याची जागा

इराणी हॉटेल कोपऱ्यावरच का असते, याचे एक उत्तर सर्वत्र सांगितले जाते. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, ती इराण्यांना स्वस्तात मिळाली. ही हकिगत खरी असू शकते. पण तिच्याशेजारी दुसरे स्पष्टीकरणही ठेवून पाहावे. कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांची तोंडे मिळतात. उजेड आणि वारा दुप्पट, येणारी-जाणारी माणसेही दुप्पट. चहाच्या धंद्याला याहून चांगली जागा कोणती? दोन कारणे समोर असतील तर अशा ठिकाणी जाऊन पाहावे, जेथे त्यांपैकी एकच लागू आहे. लंडनमध्ये कोपरा अशुभ मानण्याची चाल नव्हती. तरीही तेथील लायन्स कंपनीने १९०९ पासून मोठी उपाहारगृहे काढली ती मोक्याच्या कोपऱ्यांवर, आणि त्यांचे नावच 'कॉर्नर हाउस' ठेवले. यामुळे इराण्याची हकिगत खोटी ठरत नाही. मात्र शुभाशुभाची समजूत नसतानाही कोपरा फायद्याचा असतो, एवढे नक्की होते.

साखळी म्हणजे काय?

लायन्स कंपनीचे पहिले चहागृह १८९४ मध्ये लंडनच्या पिकॅडिली भागात निघाले आणि पुढे त्यांची संख्या दोनशेवर गेली. सर्व शाखांत तीच किंमत, तोच केक, तोच गणवेश. साखळीचे तंत्र हे मुळात स्वयंपाकाचे नसून हिशेबाचे आणि वाहतुकीचे असते. प्रत्येक शाखेला उद्या किती पाव, किती केक लागतील याचा अंदाज चुकला की माल उरतो किंवा कमी पडतो. शाखा दोनशे आणि पदार्थ अनेक असले की हा हिशेब कारकुनांच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून या कंपनीने केंब्रिज विद्यापीठाच्या 'एडसॅक' संगणकाला आर्थिक मदत केली आणि त्या धर्तीवर स्वतःचा 'लिओ' हा संगणक बांधला. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचा हिशेब होऊ लागला. धंद्याच्या रोजच्या कामाला जुंपलेला जगातला पहिला संगणक एका चहा-केकवाल्यांचा होता!

भारतात परदेशी साखळ्या आल्या त्या १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर. 'मॅकडोनाल्ड्स'ची पहिली दुकाने ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्ली आणि मुंबईत निघाली. त्याच वर्षी बंगळूरमध्ये 'कॅफे कॉफी डे' सुरू झाले. अशा दुकानातली बटाट्याची तळलेली कांडी मुंबईत आणि दिल्लीत सारखीच लागावी, तर बटाटाच सारखा हवा. बटाटा अतिथंड जागी साठवला की त्यातील काही पिष्टाची साखर होते. तळताना ही साखर अमिनो आम्लांशी संयोग पावते आणि कांडी काळपट, कडवट होते. शिवाय बटाट्यात पाणी जास्त असेल तर ती मऊ पडते. म्हणून कोरडा अंश जास्त आणि साखर कमी असे वाण लागतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये वेफरसाठी 'कुफरी चिपसोना' आणि पुढे कांड्यांसाठी 'कुफरी फ्रायसोना' हे वाण दिले. साखळीची शेवटची कडी अशी शेतकऱ्याच्या वावरापर्यंत पोहोचते. आपल्या वडापावाच्याही साखळ्या २००१ पासून निघाल्या आहेत. तेव्हा साखळी म्हणजे परदेशी, हे समीकरण काही खरे नाही.

खुर्चीचे भाडे कोण भरत होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इराण्याकडे एक चहा घेऊन तासभर बसता येई. कवी, पत्रकार, बेकार तरुण, गिरणीतून सुटलेले कामगार, सगळे बसत. मालक फार तर भिंतीवर पाटी लावी. निसिम इझिकेल यांनी अशा पाट्यांवर इंग्रजीत कविताच केली आहे. हे बसू देणे मालकाला परवडत कसे होते?

एक साधे गणित मांडू. समजा हॉटेल दिवसाला १२ तास उघडे आहे आणि एका खुर्चीच्या वाट्याला दिवसाचे १८० रुपये भाडे येते. प्रत्येक गिऱ्हाईक एक तास बसले तर त्या खुर्चीवर दिवसात १२ गिऱ्हाइके होतील आणि प्रत्येकावर भाड्याचे १५ रुपये चढतील. तेच २० मिनिटांत उठले तर गिऱ्हाइके ३६ आणि भाडे ५ रुपये. येथे २० मिनिटे आणि तास यांत १० रुपयांचा फरक आहे. तो चहाच्या किमतीत बसणे कठीण. पण भाडे १८० ऐवजी ६ रुपये असेल तर? तासभर बसणाऱ्यावर ५० पैसे आणि २० मिनिटांवाल्यावर सुमारे १७ पैसे. या फरकासाठी कोणता मालक गिऱ्हाइकाला उठवील?

मुंबईत नेमके हेच घडले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. पुढे पन्नास वर्षे किमती वाढत गेल्या, भाडे जवळजवळ तेथेच राहिले. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरवली आणि १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद केली. तेव्हा त्या निवांत तासाचा मोठा वाटा घरमालक सोसत होता, आणि दुरुस्तीविना खचत जाणारी इमारतही. उरलेला वाटा मालकाच्या कुटुंबातल्या माणसांचा, पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कष्टांचा. पुढची पिढी शिकून दुसऱ्या व्यवसायात गेली, कोपऱ्याच्या जागेचे मोल चहाच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी वाढले, आणि गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर नेहमीचे गिऱ्हाईकही पांगले. एके काळी शेकड्यांनी असलेली ही हॉटेले काही डझनांवर आली, त्यामागे अशी अनेक कारणे एकत्र आलेली दिसतात. १९९६ च्या साखळ्या त्यात उशिरा आलेल्या.

कोण बसू शकत होते?

तरीही एक गोष्ट गणितात मावत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाणावळीच्या पाटीवरच जात लिहिण्याची पद्धत होती, आणि अनेकांना दारातूनच परत जावे लागे. जातीमुळे कोणालाही उपाहारगृहात प्रवेश नाकारता येणार नाही, असे १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमाला स्पष्ट लिहावे लागले, ते उगाच नव्हे. अशा काळात जातिव्यवस्थेबाहेरच्या माणसाने चालवलेले, ओळख न विचारता चहा देणारे हॉटेल ही लहान गोष्ट नव्हती. हळहळीतला सर्वांत खरा भाग आम्हांला हा वाटतो. त्याचबरोबर हेही नोंदवावे की, त्या टेबलांवर तासन्तास बसणारे बहुतेक पुरुष असत. बायकांसाठी वेगळी 'फॅमिली रूम' असे. आज साखळी उपाहारगृहात चार मुली बिनधास्त गप्पा मारताना दिसतात. तेथे जात विचारत नाहीत आणि बाई म्हणून आडोशालाही बसवत नाहीत. खिसा मात्र पाहतात. प्रवेशाची अट बदलली आहे, संपलेली नाही.

साखळी असूनही निवांत बसू देणे शक्य आहे काय? 'इंडियन कॉफी हाउस' हे त्याचे उदाहरण आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली तेव्हा, १९५७ पासून, ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती चालवली. अनेक शहरांत तोच गणवेश, तीच कॉफी. तरीही या शाखांबद्दल लोक जिव्हाळ्याने बोलतात. उलट २०१० मध्ये लंडनमध्ये 'दिशूम' नावाचे उपाहारगृह मुंबईच्या इराण्याच्या धर्तीवर निघाले आणि त्याच्याही आता शाखा आहेत. खुर्च्या, पाट्या, बरण्या यांची नक्कल करता येते. एका चहाच्या किमतीत मिळणारा तास मात्र त्यांच्याबरोबर येत नाही, कारण तो खुर्चीत कधी नव्हताच. तो भाड्यात, मालकीत आणि मालकाच्या स्वभावात होता. तसा तास पुन्हा हवा असेल, तर त्याचा खर्च सहकारी संस्थेने, नगरपालिकेने की वाचनालयाने उचलायचा, हा प्रश्न उघडपणे विचारावा लागेल.

हा विषय शाळेत घेण्यासारखा आहे. प्रत्येक गावात बसस्थानकाजवळ, बाजारात एखादे जुने हॉटेल असतेच. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना काही प्रश्न द्यावेत. हॉटेल कोणत्या वर्षी निघाले? मालक मूळचे कोठले? जागा स्वतःची की भाड्याची? खुर्च्या, भांडी, भट्टी कोठून आणली? गिऱ्हाईक सरासरी किती मिनिटे बसते? पूर्वी येथे कोणाला येता येत नव्हते? गावातल्या जुन्या कोपऱ्यांवर कोणाची दुकाने होती, याचा नकाशा काढला तर कोपऱ्याच्या शुभाशुभाची हकिगतही तपासता येईल. हे काम लवकर हाती घ्यावे. हॉटेल विकले गेले की खुर्च्या भंगारवाल्याकडे जातात, आणि त्यांच्याबरोबर हिशेबाच्या वह्याही.