मिरवणुकीतून घरी आल्यावर कानात शिट्टी का वाजते?

डीजेच्या भिंतीसमोर तासभर नाचून घरी आलं की कानांना दडे बसतात आणि रात्री बारीक शिट्टी ऐकू येत राहते. सकाळपर्यंत ती बहुधा थांबते, म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही.

आवाज म्हणजे हवेतली थरथर. तिच्यामुळे कानाचा पडदा हलतो आणि त्याला जोडलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं हलतात. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम 3 मिलिमीटरचं. या हाडांची गरज काय? तर आतल्या कानात हवा नसते, द्रव असतो. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो. (विहिरीत बुडी मारल्यावर काठावरच्यांचं बोलणं म्हणूनच नीट ऐकू येत नाही.) मोठ्या पडद्यावरचा जोर चिमुकल्या जागेवर एकवटून ही यंत्रणा दाब सुमारे 20 पट वाढवते.

त्यापुढे गोगलगायीच्या शंखासारखी, साधारण अडीच वेढ्यांची नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात सूक्ष्म तुरे असलेल्या केसपेशी असतात. तोंडाशी असलेल्या पेशी शिट्टीसारखे बारीक आवाज टिपतात, टोकाकडच्या ढोलासारखे खर्जातले. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी 10 कोटींहून अधिक. एका कानात केसपेशी मात्र फक्त 15 हजारांच्या आसपास! जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण 10 दिवसांत नव्या होतात, कोंबडीच्या केसपेशीही पुन्हा उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत.

प्रचंड आवाजाने हे तुरे वाकतात. काही सावरतात, काही पेशी कायमच्या मरतात. कानाकडून संकेत कमी आले की मेंदू आपल्या परीने आवाज वाढवतो, आणि शिट्टी त्यातूनच येते, असं मानलं जातं. आधी बारीक आवाज जातात. त्यामुळे स, श, फ निसटतात आणि ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत चालतो असं धरतात. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही, फोमचे इअरप्लग बरे. शिट्टी दोन-तीन दिवसांत थांबली नाही किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर तेल घालत बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं.